मुर्ध्याचा दोन चाकी ट्रॅक्टर आणि मी खरवडलेली राळ

आमचे दाजी पोस्टात होते, त्यामुळे इनलँड पत्राची एकही कड ते कोरी सोडत नसत. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि दिवाळी उरकून आठवडा झाला होता. जालन्याला आलेल्या त्या पत्रात आधी ताईची तब्येत होती, मग भाच्यांचे मार्क, आणि अगदी शेवटी, डिंकाच्या कडेवर, जिथे पत्र फोडताना अर्धी अक्षरं फाटतात तिथे खरा मजकूर होता: ‘माझ्या ऑफिसातल्या सुरेशच्या आईकडे जुना गार्डन ट्रॅक्टर आहे. बंद पडलाय. चार मेकॅनिक पळून गेले. तू ये.’

मी तेव्हा जालन्याच्या आयटीआयमध्ये शिकवत होतो. मोठे ट्रॅक्टर सगळेच दुरुस्त करतात. माझा जीव जडला होता तो या छोट्या दोन चाकी यंत्रांवर. त्यावर बसायचं नसतं, दोन दांडे धरून मागून चालायचं असतं. जुन्या काळी बागा असलेल्या बंगल्यांसाठी आणि रोपवाटिकांसाठी अशी यंत्रं बाहेरून येत. त्यांतली बहुतेक भंगारात गेली. एक आमच्याकडच्या सरकारी रोपवाटिकेत गंजत पडलं होतं, ते मी दोन वर्षं रविवारचे रविवार खर्चून चालू केलं होतं. दाजींनी ती गोष्ट अख्ख्या पोस्टात सांगितली असणार.

“लोक मुंबईकडे जातात ते समुद्र बघायला,” बायको म्हणाली. “तुम्ही पान्हे घेऊन चाललात.”

कॅनव्हासच्या गुंडाळीत पान्हे, बारीक फट मोजायचं फीलर गेज, पॉलिश पेपर आणि एक खरवडणी घेतली. ताईसाठी पाच किलो ज्वारीचं पीठ घेतलं. एवढंच सामान.

जालन्याहून ठाण्याला जाणारी एसटी तेव्हा शंभराच्या आतबाहेर तिकीट घ्यायची आणि अंगातलं एकेक हाड मोजून द्यायची. ठाण्याला उतरलो, कटिंग चहा आणि दोन वडे खाल्ले आणि घोडबंदर रस्त्याची गाडी धरली. आता या रस्त्यावर टॉवरांच्या रांगा आहेत. तेव्हा डावीकडे डोंगराचं रान आणि उजवीकडे खाडी, मध्ये अरुंद रस्ता. गायमुखाच्या वळणावर ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढत नव्हता. आमच्याकडे पाणी दिसलं की माणूस थांबून बघतो. इथे गाडीभर माणसं होती आणि एकानेही खाडीकडे मान वळवली नाही. काशीमिऱ्याच्या नाक्यावर उतरलो आणि रिक्षाने गोडदेवला ताईकडे. रिक्षावाला हिंदीत बोलला, मी मराठीत बोललो, भाडं दोघांना समजलं.

गोडदेव गावच होतं एके काळी, पण मी गेलो तेव्हा त्याला चारी बाजूंनी चाळी आणि चार मजली इमारती येऊन भिडल्या होत्या. ताईच्या चाळीत आमच्या मराठवाड्यातली बरीच घरं. दारात “जय भीम, मामा” म्हणत भाचे आले. बाजूला रत्नागिरीची माणसं, पलीकडे एक गुजराती बिऱ्हाड. ताईने पिठाच्या पिशवीत हात घातला, वास घेतला आणि मला बस म्हणायच्या आधी भाकरी थापायला घेतली.

संध्याकाळी सुरेश आला. पस्तिशीचा, पँटची इस्त्री कडक. त्याने मला नीट कल्पना दिली.

“सर, खरं सांगू? मला नकोय ती मशीन. पण आई ऐकत नाही. भात कापून झालंय. आता शेत नांगरून वाल टाकायचा, भाजी टाकायची. गावात बैल उरले नाहीत आणि मोठा ट्रॅक्टर आमच्या बांधावरून जातच नाही. ती मशीन चालली तरच काम होणार.”

“आणि नाही चालली तर?”

“तर सोडून द्यायचं. आमचं तसं ठरलंय. हा शेवटचा मेकॅनिक, तिनेच कबूल केलंय. बघा तुम्ही.”

तो चांगला मुलगा होता. आई साठीची झाली, चिखलात राबते, हे त्याला बघवत नव्हतं. त्यात त्याचं काही चुकतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रेल्वेचं फाटक ओलांडून भाईंदर पश्चिमेला गेलो आणि उत्तनची बस धरली. माझ्या पुढच्या सीटवर दोन बायका रिकाम्या टोपल्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“यंदा वांगी न्हाय लावलीस?”

“कुठं लावू? शेत तं इकला. खिडकीत?” दुसरी म्हणाली आणि दोघी हसल्या.

मुर्ध्याला उतरलं की तेव्हा नाकाला आधी सुकत्या मासळीचा वास यायचा. घरांमागे खाडीकडे जुनी मिठागरं, त्यांचे चौकोन अजून ओळखू येत होते. कुणी आज या बाजूला जायचं म्हणत असेल तर उत्तनच्या समुद्राकडे जाताना अध्येमध्ये उतरा. रस्ता सोडून आत वळल्याशिवाय गाव दिसत नाही.

हिराबाय, म्हणजे सुरेशची आई, अंगणात उभी होती. ठेंगणी, काटक, कासोटा घट्ट मारलेला. नव्या गावात गेलं की समोरचा माणूस आडनाव कधी विचारतो याची मला सवयीने वाट बघावी लागते. या बाईने विचारलं, “मास्तर, बोंबील खाता ना? वास चालंल ना?”

“चालेल की.”

“मग बरा.” संपली चौकशी.

पडवीच्या कोपऱ्यात, गोणपाटं आणि जुन्या शिडाच्या कापडाखाली ते यंत्र होतं. कापड ओढलं आणि मी तिथेच उकिडवा बसलो. रोपवाटिकेतल्या यंत्रापेक्षाही जुनं. एक सिलेंडर, पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालवायचं, दोरी गुंडाळून ओढायचं. नावाची पट्टी घासून कोरी झालेली. उत्तनकडच्या एका शेठच्या बंगल्यात हिरवळीसाठी आलेलं. बंगला विकला गेला तेव्हा हिराबायच्या नवऱ्याने ते बैलगाडीत घालून घरी आणलं. खाऱ्या वाऱ्यात इतकी वर्षं काढूनही पत्रा कुठे फुटला नव्हता, कारण प्रत्येक भागावर काळ्या तेलाचा जाड थर होता.

“ह्याला पाणी कधीच न्हाय लावलं,” हिराबाय म्हणाली. “काम झाला का नारलाच्या काथ्याने पुसायचा, जलका काला तेल चोपरायचा, निजवायचा.”

“चालवायचं कोण?”

“मीच. घरच्यांना जाऊन आठ वर्सं झाली.”

मला तिचं फार कौतुक वाटलं, पण त्या थराखालचं यंत्र बघायची घाईही झाली. आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर मी स्वतः रंगवून घेतलेलं वाक्य होतं: आधी घासा, मग तपासा. मळ हा यंत्राचा शत्रू, हे मी दर वर्षी नव्या पोरांना पहिल्या तासाला सांगायचो.

दुखणं दुपारपर्यंत सापडलं. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोच्या पॉइंटांवर हिरवट गंज चढला होता. तेल चोपडायला तिथे कुणाचा हात पोचला नव्हता. पॉइंट घासले, गॅप लावली, कॉइल उन्हात ठेवून वाळवली, कार्बोरेटर उघडून फुंकला. जेवायला तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण आणि कांदा. मी चार भाकऱ्या खाल्ल्या. चारच्या सुमाराला दोरी गुंडाळली आणि ओढली. तिसऱ्या ओढीला यंत्र खोकलं, सातव्या ओढीला धरलं. शेजारपाजारचे गोळा झाले. हिराबाय दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती. मग बाजारातून रॉकेल आणते म्हणाली आणि जवळजवळ पळतच गेली.

इथे मी थांबायला हवं होतं. पण अंगात आलेलं कसब माणसाला स्वस्थ बसू देत नाही. म्हटलं, बाई येईपर्यंत यंत्र लख्ख करून ठेवू. रॉकेलचा बोळा आणि खरवडणी घेऊन बसलो. थर निघत गेले. गिअरबॉक्सच्या पोटाखाली एक वीतभर लांब, काळा, खडकासारखा गोळा चिकटलेला होता, त्यात मध्ये एक खोलगट खड्डा. कुणीतरी डांबर सांडलेलं दिसतंय, मी मनात म्हटलं. तो निघायला अर्धा तास लागला. ढलप्या उडत होत्या. सगळा कचरा खराट्याने लोटून कुंपणाशी टाकला.

हिराबाय आली. तिने यंत्राकडे बघितलं, खाली वाकली आणि पोटाखाली हात फिरवला.

“सगला काढला?”

“सगळं. नवं कोरं करून दिलं, मावशी.”

तिने रॉकेलचा डबा खाली ठेवला. “बरा केला,” म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, बाईला आनंद दाखवता येत नाही.

सकाळी पोचलो तेव्हा यंत्राखाली गिअर ऑइलचं थारोळं होतं. मी आडवा झोपून पाहिलं. ज्या जागेवरचा गोळा मी खरवडला तिथे केसापेक्षा थोडी रुंद, वीतभर लांब चीर होती. बैलगाडीतून उतरवताना यंत्र पडलं होतं, ते सुरेशने आत्ता सांगितलं. तेलाशिवाय दाते घासले असते तर गिअरबॉक्स अर्ध्या तासात मेला असता. चार मेकॅनिक पळून गेले होते, पण त्यांनी यंत्र होतं तसं ठेवलं होतं. पाचव्याने, म्हणजे मी, मात्र हात दाखवून अवलक्षण केलं.

लाज वाटली की माझा आवाज मोठा होतो. “काही नाही, वेल्डिंग मारून आणतो. कायमचं काम होईल,” असं मी जरा जास्तच मोठ्याने म्हणालो.

हिराबायने मला हाताने खूण केली आणि मागच्या शेताकडे नेलं. भाताची खोडं उभी होती. पायाखाली जमीन अजून मऊ होती, पण खाडीकडच्या कोपऱ्यात वरची माती पांढुरकी पडली होती. तिने चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली आणि थुंकली.

“मीठ वर येतंय. ओल हाय तवर नांगर फिरला तर खाली ऱ्हातं. न्हाय फिरला तर अख्खं शेत असा पांढरा व्हयल. मग पुढल्या पावसात भातबी धड येनार न्हाय.”

“किती दिवस आहेत?”

“चार. लय झाले तर पाच.”

आमच्याकडे जमीन तापते, भेगाळते, पण ती रोज बोटभर खारट होत जाते हे मी पहिल्यांदा पाहिलं. तोवर माझ्यासाठी हे एक जुनं यंत्र होतं. त्या कोपऱ्यात उभं राहिल्यावर ते शेत झालं.

गिअरबॉक्सचं खालचं झाकण पोत्यात बांधून सुरेशच्या सायकलवर घातलं आणि भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांमध्ये फिरलो. स्टीलची भांडी बनवणारे गाळे ओळीने, पॉलिशची काळी धूळ, प्रत्येक दारात वेगळी भाषा. एका वेल्डरने झाकण वासावरूनच परत केलं.

“मास्टरजी, ये तो तेल पी के बैठा है। टाँका मारूँगा तो थूक देगा।”

“गरम करके?”

“गरम करूँगा तो टेढ़ा होगा। फिर मुझे गाली दोगे।”

दुसरा तयार होता, पण आठ दिवसांनी. तिसऱ्याने दोन रंगांची मळून लावायची पुट्टी दिली. ती लावली, पंख्याखाली सुकवली, दुसऱ्या सकाळी तेल भरलं. पुट्टी पापुद्र्यासारखी हातात आली. वेल्डर बरोबर बोलला होता, त्या धातूने तीस वर्षं तेल प्यायलं होतं. माझा तो दुसरा दिवसही गेला. त्या संध्याकाळी ताईच्या घरी मी अर्धी भाकरी टाकून उठलो. “एवढं काय मनाला लावून घेतोस?” ताई म्हणाली. दाजी मात्र मान खाली घालून जेवत राहिले. त्यांनीच मला बोलावलं होतं आणि सोमवारी त्यांना ऑफिसात सुरेशशेजारी बसायचं होतं.

पुढच्या सकाळी एकटाच मुर्ध्याला गेलो, कबूल करायला. हिराबाय अंगणात नव्हती. कुंपणाशी उकिडवी बसली होती. मी टाकलेल्या कचऱ्यातून, रॉकेल आणि मातीच्या चिखलातून ती एकेक काळी ढलपी निवडत होती. पितळी ताटलीत मूठभर जमल्या होत्या.

“मावशी, ते डांबर कशाला गोळा करताय?”

“डांबर न्हाय. राल हाय. होडीची.”

मग तिने सांगितलं. होडीच्या फळ्यांमधल्या फटी कापूस ठोकून आणि तेलात वितळवलेल्या राळेने बुजवतात. तिच्या नवऱ्याने या चिरेला तेच केलं होतं, गेला त्याच्या आदल्या वर्षी. राळ कढत असतानाच त्याने पाण्यात बुडवून अंगठा दाबला, राळ नीट बसावी म्हणून. अंगठ्याला फोड आला तो पंधरा दिवस होता. नांगरणीच्या आधी दर वर्षी ती तेल बघायची आणि त्या खड्ड्यात आपला अंगठा ठेवायची.

मी अर्धा तास लावून काय काढलं होतं ते मला तेव्हा कळलं. मी तिच्याशेजारी बसलो. माफी मागायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, “तुमाला कोन सांगनार व्हता? मी घरात असते तर सांगितला असता.” त्या समजुतीने मला जास्तच वाईट वाटलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी मान खाली घालून ढलप्या निवडायला लागलो. दोघांनी मिळून तासाभरात ताटली भरली.

“ही कशाला लागणार आता?” मी विचारलं.

“राल वाया जात न्हाय. परत वितलवायची. चला, नथूतात्याकडं.”

नथूतात्या हिराबायचे चुलत दीर, खाडीच्या काठी उपड्या घातलेल्या होडीखाली बसलेले. सत्तरीचे असतील. त्यांनी झाकण उन्हाकडे धरून चीर पाहिली आणि मग मला पाहिलं.

“घासला कोनी?”

“मी.”

“मस्त घासलास,” ते म्हणाले. एवढीच शिक्षा.

मग मी आयटीआयचा शिक्षक तीन तास त्यांचा मदतनीस झालो. आधी झाकण चुलीतल्या गरम राखेत पुरलं. राख तेल ओढून काळी होत गेली. ती तीनदा बदलली. धातू कोमट असतानाच सुती धागा पिळून बोथट छिन्नीने चिरेत ठोकला, अगदी हळू, जणू झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही. तोवर पत्र्याच्या डब्यात जुनी राळ, थोडी नवी आणि माशाचं तेल चुलीवर होतं. त्याचा वास मला आजही सांगता येईल, पण वाचणाऱ्याच्या जेवणाची वेळ असेल.

“तेल किती?” मी वही काढली.

नथूतात्यांनी डब्यातला एक थेंब पाण्यात टाकला, काढला आणि बोटात वाकवला. तो कटकन मोडला. “तेल कमी.” थोडं घातलं, परत थेंब. या वेळी तो वाकला आणि हळूहळू ताणला गेला. “आता बरोबर. लिव वहीत.”

मी लिहिलं: वाकली पाहिजे. का, ते त्यांनी सांगितलं नाही, पण माझं मला समजलं. यंत्र हादरतं. हादऱ्याला पुट्टी तडकते, राळ हलते आणि धरून राहते. शिवाय ती जागा इंजिनापासून लांब, तिथे हात ठेवता येण्याइतकीच ऊब. त्या माणसाने सगळा विचार केला होता. मी त्याला सांडलेलं डांबर समजलो होतो.

राळ ओतली. नथूतात्यांनी उलथन्याने सारखी केली, मग बाजूला सरकले आणि हिराबायकडे बघितलं. तिने वाटीतल्या पाण्यात अंगठा बुडवला आणि राळेत दाबला. चटका बसला असणार, पण हात लगेच उचलला नाही. मी खाडीकडे बघत राहिलो.

चौथ्या दिवशी सकाळी तेल भरलं आणि तासभर खाली कोरा कागद पसरून ठेवला. कागद कोराच राहिला. सुरेशने त्या दिवशी रजा टाकली होती. मी दोरी ओढली, दुसऱ्या ओढीला यंत्र चालू झालं, पेट्रोलवरून रॉकेलवर घेतलं. लोखंडी पिंजऱ्याची चाकं बसवलेलं ते यंत्र बांधावरून हिराबाय एकटीने चालवत नेत होती. बांधाची रुंदी जेमतेम दोन हात. मोठा ट्रॅक्टर इथे का येत नाही ते कुणाला सांगायला नको होतं.

नांगराची पहिली ओळ तिने खाडीकडच्या पांढऱ्या कोपऱ्यातून घेतली. पांढरी माती उलटून खाली गेली, ओली काळी वर आली. वळणावर ती एका बाजूचा क्लच सोडून दांड्यावर सगळा भार टाकायची, आणि यंत्र तिच्याभोवती वळायचं. मी पुस्तकात वाचून पोरांना शिकवलेलं ते वळण मी कधी इतकं सफाईने घेतलेलं नाही. दुपारी सुरेशने दांडे घेतले. दोन तासांत तीनदा बांधात घुसला. आई बांधावर बसून ओरडत होती, “दाबू नको रे, त्याला जाऊ दे!” आणि मग पदराने तोंड पुसत होती. संध्याकाळपर्यंत शेताचा अर्ध्याहून जास्त भाग झाला. उरलेला दुसऱ्या दिवशी करता येणार होता, आणि माझी गाडी त्याच दुसऱ्या दिवसाची होती.

निघताना हिराबायने सुक्या जवळ्याची पुडी दिली. मजुरी विचारली, तेव्हा मी म्हणालो, मीच शिकून चाललोय. ते शिष्टाचार म्हणून म्हटलेलं नव्हतं.

जालन्यात परतलो. भिंतीवरचं वाक्य मी पुसलं नाही, कारण दहापैकी नऊ वेळा ते खरंच असतं. पण पहिल्या तासाला पोरांना अजून एक गोष्ट सांगायला लागलो: यंत्राला हात लावायच्या आधी, ते कुणी वापरलं त्या माणसाशी चहा प्या. पोरं हसायची. चहाचे पैसे कोण देणार, असं एकाने विचारलंही.

आठवड्याभराने कॅनव्हासची गुंडाळी झटकायला घेतली. खरवडणीच्या खिशाच्या शिवणीत काहीतरी अडकलं होतं. नखाएवढी काळी ढलपी. उन्हात धरली तर तिच्यावर बारीक वळणदार रेघा होत्या, एकाखाली एक, सात-आठ. हिराबायच्या नवऱ्याच्या अंगठ्याच्या. मी ती हातात घेऊन किती वेळ बसलो ते बायकोला विचारा. ताटलीत गेलेल्या ढलप्यांवर असं काही राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. एवढाच तुकडा शिल्लक होता, आणि तो माझ्याकडे होता.

कुंकवाच्या रिकाम्या डबीत कापूस घालून ती ढलपी ठेवली. नाताळच्या सुट्टीत एक गाववाला गोडदेवला चालला होता, त्याच्या हाती ताईकडे पाठवली. सोबत चिठ्ठी लिहिली, की हे तुमचं आहे, मावशी, जपून ठेवा. पाठवल्यावर जरा बरं वाटलं. चूक भरून निघत नाही, पण निदान आठवण परत केली, असं मी स्वतःला समजावलं.

फाल्गुनात दाजी आले ते चार शेर वाल घेऊन. हिराबायच्या शेतातला. टपोरा, जरा काळसर दाणा. यंत्र चाललं का, तेल गळलं का, सुरेश वळण घ्यायला शिकला का, मी एकामागून एक विचारत सुटलो. यंत्र चाललं होतं. तेल गळलं नव्हतं. सुरेश अजून बांधात घुसत होता.

“आणि डबी? दिलीत ना?”

“दिली की,” दाजी म्हणाले. “तिने ढलपी उन्हात धरून पाहिली. बराच वेळ. मग चूल पेटवली, पळीत ती ढलपी वितळवली आणि यंत्र आडवं करून त्या चिरेवर, तिच्या अंगठ्याच्या खड्ड्यात ओतली.”

“जपून ठेवायला दिली होती मी.”

“तेच मीही म्हणालो. तर म्हणते, मास्तरला सांगा, तो मानूस कवा बसून ऱ्हायला न्हाय. डबीत काय करंल? जाऊ दे कामाला.”